सीआर ते सिनेट: विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून उभं राहायचं असेल तर

कँटीनमध्ये तर्री-पोहे खाताखाता कोणी "मी यंदा विद्यापीठाचा अध्यक्ष लढून राहिलो" असं म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं दिल्ली विद्यापीठ येतं. गाड्यांचा ताफा, ढोलताशे, भिंती झाकणारी पोस्टरं, हजारोंनी मतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात कायद्याप्रमाणं हे चित्र बसतच नाही, कारण इथं विद्यापीठाच्या अध्यक्षाला सामान्य विद्यार्थी मत देत नाही. तो मत देतो आपल्या कॉलेजातल्या उमेदवारांना, आणि तिथून निवडून आलेले मोजके लोक पुढं विद्यापीठाचे पदाधिकारी निवडतात. बरेच इच्छुक इथंच फसतात. डोक्यात विद्यापीठ असतं आणि हार होते कॉलेजात. म्हणून पहिला प्रश्न "निवडून कसं यायचं" हा नाही. तुम्हाला नेमक्या कोणत्या बैठकीत जाऊन बसायचंय, हे आधी ठरवा. पद त्यावरून ठरतं.

कायदा काय सांगतो

आपल्याला लागू असलेला कायदा म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. तो १ मार्च २०१७ पासून अमलात आला. त्याचं ९९ वं कलम विद्यार्थी परिषदांचं आहे. परिषदा तीन प्रकारच्या: प्रत्येक कॉलेजची एक, विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांची एक (अमरावती रोडच्या कॅम्पसमधले पदव्युत्तर विभाग यात येतात), आणि सगळ्यांच्या वर विद्यापीठाची एक.

कॉलेजच्या परिषदेत अध्यक्ष असतो, सचिव असतो, एक विद्यार्थिनी प्रतिनिधी असते आणि एक राखीव जागेचा प्रतिनिधी असतो. ही राखीव जागा अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती आणि इतर मागासवर्ग यांच्यात आळीपाळीनं फिरते. शिवाय प्रत्येक वर्गाचा एक प्रतिनिधी, म्हणजे आपला सीआर. हे सगळे थेट मतदानानं येतात. सीआरला फक्त त्याचा वर्ग मत देतो, बाकी चार पदांना पूर्ण कॉलेज. थोडक्यात एका विद्यार्थ्याच्या हातात पाच मतं असतात. मुलींनी एक लक्षात ठेवावं: विद्यार्थिनी प्रतिनिधी हे वेगळं पद आहे म्हणून अध्यक्षपदाचा अर्ज भरायला मुलीला कोणी अडवू शकत नाही. "तुमची जागा वेगळी आहे ना" असं हसत सांगणारे भेटतात. त्यांना अधिसूचना वाचायला सांगा.

यांच्याशिवाय खेळ, सांस्कृतिक कार्यक्रम, एनएसएस आणि एनसीसी यांतले विद्यार्थी परिषदेवर नेमले जातात. त्यांना निवडणूक लढवावी लागत नाही.

आता हा कायदा तुम्हाला लागू आहे का, तेही बघा. नागपुरात राहून शिकणारा प्रत्येक जण नागपूर विद्यापीठाचा नसतो. व्हीएनआयटी ही केंद्राची संस्था, तिचे नियम वेगळे. मेडिकलची मुलं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. विधी विद्यापीठ आपल्या स्वतंत्र कायद्यानं चालतं. एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) २०२३ पासून स्वतःच विद्यापीठ झालंय. खासगी विद्यापीठांचा तर विषयच निराळा. अशा ठिकाणी शिकत असाल तर खाली लिंगडोह समितीबद्दल लिहिलंय ते वाचण्यासारखं आहे, परिषदेची रचना मात्र आपापल्या संस्थेची बघावी लागेल.

मधल्या काळात काय झालं

घरात काका-मामा नागपूर विद्यापीठाचे असतील तर त्यांना "यूआर" विचारा, तासभर ऐकायला मिळेल. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी उमेदवाराचा खून झाला. कॉलेज निवडणुकांतल्या मारामाऱ्यांवर तोवर चर्चा होतीच, ती या प्रकरणानं टोकाला गेली. पुढं १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुकाच काढून टाकल्या. आधीच्या परीक्षेत चांगले गुण मिळवलेला विद्यार्थी प्राचार्यांनी सीआर म्हणून नेमायचा, आणि या नेमलेल्या मंडळींनी आपल्यातून एक विद्यापीठ प्रतिनिधी, म्हणजे यूआर, निवडायचा.

हेतू चांगला होता. पण मतदार पंधरा-वीसच उरले की प्रत्येक मताची किंमत किती वाढते, याचा विचार कोणी केला नसावा. मतदानाच्या आधी सीआर अचानक गायब होणं, कुठंतरी सहलीला नेलेले असणं, मतदानाच्या सकाळी थेट गाडीतून उतरणं, हे किस्से विदर्भातल्या जुन्या विद्यार्थी कार्यकर्त्यांकडं भरपूर आहेत. थेट निवडणुकीत दोन हजार मुलं सहलीला नेता येत नाहीत. वीस नेता येतात. थेट मतदान परत आलं ते बरंच झालं, असं मला वाटतं ते याच कारणासाठी.

२०१६ च्या कायद्यानं कागदावर थेट निवडणूक परत आणली. नंतर राज्यानं परिनियमही, म्हणजे कायद्याखालचे नियम, काढले, आणि २०१९ मध्ये निवडणुका होणार असं जाहीर झालं. पण विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, म्हणून त्या पुढं ढकलल्या गेल्या. मग कोरोना आला. त्यामुळं कायद्यात आहे म्हणून यंदा तुमच्या कॉलेजात मतदान होईलच, असं धरून चालू नका. विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास विभागाचं परिपत्रक आणि कॉलेजच्या सूचना फलकावरची अधिसूचना, या दोन कागदांवर विश्वास ठेवा. व्हॉट्सॲपवर फिरणारं वेळापत्रक दर दोन वर्षांनी तेच तेच फिरत असतं.

अर्ज भरायच्या आधी स्वतःची छाननी

देशभरातल्या विद्यार्थी निवडणुकांच्या नियमांचा पाया लिंगडोह समिती आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रानं माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखाली ही समिती नेमली. तिनं २६ मे २००६ ला अहवाल दिला आणि २२ सप्टेंबर २००६ च्या आदेशानं न्यायालयानं तो लागू केला. राज्याचे परिनियम आणि विद्यापीठाची अधिसूचना याच्यावरच उभी असते. तुमच्या अधिसूचनेत एखादी अट अधिक कडक असेल तर अर्थातच ती पाळायची.

वयाची अट पदवीच्या विद्यार्थ्याला १७ ते २२, पदव्युत्तरला २४-२५ पर्यंत, संशोधकाला २८ पर्यंत. चार-पाच वर्षं चालणाऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना सवलत देता येते, असं अहवालातच म्हटलंय. इंजिनिअरिंगच्या मुलांनी हे वाक्य लक्षात ठेवलेलं बरं. उमेदवार पूर्णवेळ, नियमित विद्यार्थी हवा. दूरशिक्षण चालत नाही आणि अभ्यासक्रम किमान वर्षभराचा हवा. ज्या वर्षी उभं राहायचं त्या वर्षी विषय राहिलेला नको, म्हणजे एटीकेटी असेल तर अर्ज तिथंच संपला. हजेरी विद्यापीठानं ठरवलेली किंवा ७५ टक्के, यातली जी जास्त ती.

हजेरीच्या अटीवर बरेच जण अडकतात, कारण कॉलेजात सगळ्यांना ओळखणारा मुलगा बहुतेक वेळा वर्गात कमी आणि बाहेर जास्त असतो. जुलैपासूनच आपली हजेरी तपासत राहा. ऑगस्टच्या शेवटी कार्यालयात जाऊन "सर, काही होते का" विचारण्यात अर्थ नाही. प्रतिस्पर्ध्यानं माहिती अधिकारात तुमची हजेरी काढली तर कॉलेजही अडचणीत येतं.

गुन्ह्याच्या अटीची भाषा नीट वाचा. उमेदवारावर कोणत्याही गुन्ह्यासाठी खटला चाललेला किंवा त्यात शिक्षा झालेली नको, आणि विद्यापीठानं शिस्तभंगाची कारवाई केलेली नको. म्हणजे नुसती तक्रार आडवी येत नाही. पण आंदोलनात नाव आलं, आरोपपत्र गेलं आणि खटला उभा राहिला, तर मग प्रश्न आहे. ही अट मला फार सैल हातानं लिहिलेली वाटते. फीवाढीच्या मोर्च्यात बसलेला विद्यार्थी आणि हाणामारी करणारा विद्यार्थी तिला एकच दिसतात. पण जोवर ती आहे, तोवर आपल्यावर काही प्रकरण असेल तर वकिलाशी बोलूनच अर्ज भरावा.

आणि जी अट जवळजवळ कोणालाच माहीत नसते ती ही: पदाधिकाऱ्याचं पद लढवायची संधी आयुष्यात एकदाच मिळते, कार्यकारिणी सदस्याचं पद दोनदा. मोजणी निवडून येण्याची नसून लढण्याची आहे. बी. ए. च्या पहिल्या वर्षाला जोशात सचिवपदाला उभं राहून पडलात, तर तिसऱ्या वर्षाला तुम्ही कितीही लोकप्रिय असा, तो दरवाजा बंद झालेला असतो. म्हणून पहिल्या वर्षाला मी तरी सीआरच लढायला सांगेन. आपलं कॉलेज कसं चालतं ते त्यातून कळतं.

अर्ज, सूचक आणि एक लहानशी गंमत

प्रक्रियेचे शब्द घरी ग्रामपंचायतीची निवडणूक पाहिलेल्याला नवीन नाहीत: मतदार यादी, हरकती, अर्ज, छाननी, माघार, अंतिम यादी, मतदान, मोजणी. लिंगडोह समितीच्या मते सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक व्हावी, आणि अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळं दहा दिवसांत आटपावं. दहा दिवस म्हणजे काहीच नाही. तयारी आधीच झालेली हवी.

छाननीत अर्ज बाद होतो तो मोठ्या कारणांनी क्वचित. मतदार यादीत नाव "प्रतिक्षा" आणि अर्जावर "प्रतीक्षा", सूचक दुसऱ्याच वर्गाचा निघाला, अनुमोदकानं दोन उमेदवारांच्या अर्जावर सही केली, राखीव जागेच्या अर्जाला जातीचं प्रमाणपत्र जोडायचं राहिलं, असल्या गोष्टींनी तो बाद होतो. मतदार यादी लागली की पहिल्या दिवशी आपलं, सूचकाचं आणि अनुमोदकाचं नाव शोधा. चूक असेल तर हरकतीची मुदत संपायच्या आत लेखी द्या आणि पोच घ्या. सूचक म्हणून सगळ्यात जवळच्या मित्राला धरायची आपल्याकडं पद्धत आहे. त्याच मित्राला शेवटच्या दिवशी स्वतः उभं राहायची उबळ येते, हेही आपल्याकडं नवीन नाही. एक जादा अर्ज वेगळ्या सूचकाच्या सहीनं भरून ठेवायची मुभा अधिसूचनेत असेल, तर ती वापरा.

पाच हजारांत प्रचार

खर्चाची कमाल मर्यादा उमेदवारामागं ५,००० रुपये. ही २००६ ची आहे, आणि अहवाल तिला "कमाल" म्हणतो, म्हणजे तुमच्या पदासाठी विद्यापीठ त्याहून कमी ठरवू शकतं. राजकीय पक्षाकडून पैसा घ्यायचा नाही. विद्यार्थ्यांनी स्वेच्छेनं दिलेली वर्गणी चालते.

छापील पोस्टर नाही, छापील पत्रक नाही, छापील कोणतीच गोष्ट नाही. हातानं बनवलेली पोस्टरं चालतात, तीही कॉलेजनं ठरवून दिलेल्या जागीच. प्रचारासाठी लाउडस्पीकर नाही, गाड्या नाहीत, प्राणी नाहीत. (प्राण्यांचा उल्लेख वाचून हसू येतं. पण कुठंतरी कोणीतरी घोड्यावरून आलं असेल, त्याशिवाय समितीनं तो लिहिला नसेल.) सभा किंवा मिरवणूक काढायची तर आधी लेखी परवानगी हवी. जात-धर्माच्या नावावर मत मागायचं नाही, देवळा-मशिदीतून प्रचार करायचा नाही, दुसऱ्या उमेदवाराच्या खासगी आयुष्यावर बोलायचं नाही. त्याचं काम, त्याची भूमिका यावर मात्र हवी तेवढी टीका करा. मतदान संपण्याच्या वेळेआधीचे २४ तास सभा बंद, मतदान केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार बंद, मतदारांना गाडीतून ने-आण करणं हाही गैरप्रकार. शिवाय त्या कॉलेजचा विद्यार्थी नसलेल्या माणसानं निवडणुकीत कोणत्याही भूमिकेत यायचं नाही. "दादा येऊन राहिले तुमच्यासाठी" असं कोणी सांगितलं तर दादांना नम्रपणे थांबवा. दादांचा काही तोटा होणार नाही, तुमची उमेदवारी जाऊ शकते.

विद्यार्थी संघटना असतातच, त्यांच्याशी नातं असणं हा गुन्हा नाही. नितीन गडकरी आणि देवेंद्र फडणवीस, दोघंही नागपुरात अखिल भारतीय विद्यार्थी परिषद या संघटनेच्या कामातून राजकारणात आले. पण संघटनेची माणसं मदतीला असणं वेगळं आणि पक्षाच्या पैशातून बॅनर लागणं वेगळं, ही रेघ उमेदवारानं स्वतः सांभाळायची असते.

व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम यांच्याबद्दल २००६ चा अहवाल काय बोलणार? अधिसूचनेत त्यावर काही लिहिलं असेल तर ते पाळा. रील बनवून देणाऱ्याला पैसे दिले असतील तर तो खर्च आहे आणि तो हिशेबात लिहायचा. माझ्या मते कॉलेजच्या निवडणुकीत मोबाइलचा फारसा उपयोग होतही नाही. मत वर्गात जाऊन मिळतं. दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत, प्राध्यापकांची परवानगी घेऊन, तीन वाक्यं बोलता आली पाहिजेत. आणि सकाळच्या पाळीची मुलं विसरू नका. रामटेक, काटोल, उमरेडकडून एसटीनं येणारी ही मुलं तास संपले की बस धरायला पळतात, कट्ट्यावर दिसत नाहीत, कोणत्याही ग्रुपमध्ये नसतात. ती मोजणीत मात्र असतात.

आश्वासन कोणाच्या दारचं

इथं जरा थांबू, कारण इथली चूक पूर्ण वर्षभर भोवते.

"निकाल वेळेवर लावू" हे सगळ्यात लाडकं आश्वासन. उन्हाळी परीक्षेचा निकाल हिवाळीच्या तोंडावर आला की मुलं चिडतात आणि त्या रागावर मत मागणं सोपं असतं. पण परीक्षा आणि निकाल विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या हातात असतात. कॉलेजचा अध्यक्ष तिथं निवेदन देऊ शकतो, त्यापलीकडं काही नाही. शिष्यवृत्ती अडकली तर अर्ज महाडीबीटी या शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवर असतो. कॉलेजच्या पातळीवर तो पुढं पाठवायचा राहिलाय का, एवढं तुम्ही विचारू शकता. बरेचदा तो तिथंच राहिलेला असतो, म्हणून हे विचारणं फुकट नाही. पुढची मंजुरी शासनाच्या विभागाची. शहर बस महापालिकेची, एसटीचा पास महामंडळाचा.

मग कॉलेजच्या हातात काय असतं? पुष्कळ. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं राहणार, प्रयोगशाळेतली बंद पडलेली उपकरणं, पिण्याचं पाणी, मुलींचं स्वच्छतागृह आणि तिथलं सॅनिटरी पॅडचं यंत्र चालतंय का, जिमखान्याचा पैसा कशावर जातो, स्नेहसंमेलनाचा हिशेब, कार्यालयात बोनाफाइड मिळायला किती दिवस लागतात. मे महिन्यात ४५ अंशांत परीक्षा देणाऱ्या नागपूरच्या मुलांसाठी परीक्षा खोलीतले पंखे आणि कूलर हा लहान मुद्दा नाही, आणि तो पूर्णपणे कॉलेजच्या अखत्यारीतला आहे.

म्हणून जाहीरनामा लिहिण्यापूर्वी एक वही घ्या. मुलांच्या तक्रारी लिहा आणि प्रत्येकीपुढं तिचा निर्णय कोण घेतं ते लिहा: प्राचार्य, संस्थेचं मंडळ, विद्यापीठ, की शासन. शेवटच्या दोघांच्या नावापुढच्या तक्रारींबद्दल "पाठपुरावा करू" म्हणा. "करून दाखवू" फक्त पहिल्या दोघांपुढच्या तक्रारींबद्दल म्हणा. त्यातल्याही दोनच निवडा. एका वर्षात, दोन परीक्षांच्या मध्ये, दोन कामं झाली तरी पुष्कळ. वही भरायला आठवडा लागतो, आणि ती भरताना वर्गावर्गांत ओळख होते तो वेगळाच फायदा.

महाविद्यालय विकास समितीची खुर्ची

पदांच्या भांडणात ज्या जागेकडं सगळ्यांचं दुर्लक्ष होतं ती ही. कायद्याच्या ९७ व्या कलमानुसार प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते. संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचा प्रतिनिधी तिचे प्रमुख, प्राचार्य सदस्य सचिव. संस्थेचे सचिव, एक विभागप्रमुख, शिक्षकांनी निवडलेले तीन शिक्षक, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा एक प्रतिनिधी, बाहेरची चार माणसं, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक. आणि कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव. वर्षातून किमान चार वेळा ही समिती भरली पाहिजे.

कॉलेजचं वार्षिक अंदाजपत्रक, विकासाचा आराखडा, विद्यार्थ्यांचं कल्याण, शिस्त, सुरक्षितता हे सगळं तिच्या कामात येतं. म्हणजे कॉलेजचा पैसा कुठं जाणार यावर जिथं बोलणं होतं, त्या टेबलावर दोन विद्यार्थी कायद्यानं बसतात. मोर्चा काढून जे प्राचार्यांच्या दारात मागावं लागतं, ते इथं विषयपत्रिकेवर घालता येतं.

फक्त ते कसं करायचं हे माहीत हवं. बैठकीची सूचना येते तेव्हा विषयपत्रिका मागून घ्या. आपला विषय बैठकीच्या आधी लेखी द्या, "ऐनवेळचे विषय" या शेवटच्या ओळीवर विसंबू नका. तोवर सगळे घड्याळ बघायला लागलेले असतात. बैठकीत एक प्रश्न, एक आकडा, एक मागणी एवढंच. आणि पुढच्या बैठकीत मागचं इतिवृत्त मंजुरीला येतं तेव्हा ते वाचा. तुम्ही बोललात आणि त्यात ते आलं नाही, तर तिथल्या तिथं दुरुस्ती सुचवा. वडीलधाऱ्या मंडळींसमोर हे करायला घसा कोरडा पडतो हे खरं आहे. पण इतिवृत्तात न आलेलं बोलणं पुढच्या वर्षीच्या अध्यक्षाला काही उपयोगाचं नसतं.

विद्यापीठाचा टप्पा

आता ज्यांना खरंच विद्यापीठ गाठायचंय त्यांच्यासाठी. विद्यापीठाच्या परिषदेतही अध्यक्ष, सचिव, विद्यार्थिनी प्रतिनिधी आणि राखीव प्रतिनिधी ही पदं असतात. मतदार मात्र कॉलेजांच्या आणि विद्यापीठ विभागांच्या परिषदांचे निवडून आलेले पदाधिकारी. म्हणजे धरमपेठेतल्या हजारोंच्या कॉलेजातूनही मोजकीच मतं आणि अर्जुनी मोरगावच्या लहान कॉलेजातूनही मोजकीच. हिस्लॉप किंवा मॉरिसमध्ये तुमचं नाव गाजलं असेल, पण त्या गाजण्याला इथं वजन नाही.

विद्यापीठ १९२३ चं. तेव्हा त्याचा पसारा फार मोठा होता. १९८३ मध्ये अमरावती वेगळं झालं, २०११ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना झालं. आता नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे उरलेत. शहरातल्या उमेदवाराला हे चार जिल्हे म्हणजे फक्त नावं असतात आणि तिथंच तो मार खातो. हिंगणघाट, तुमसर, तिरोडा इथल्या कॉलेजांतल्या पदाधिकाऱ्याला तुमच्याकडून ऐकायचं असतं ते त्याच्या अडचणीबद्दल: मार्कशीटमधल्या चुकीसाठी दर वेळी नागपूरला का यावं लागतं, पुनर्मूल्यांकनाचं काम तिथल्या तिथं का होत नाही. याचं उत्तर ज्याच्याकडं असेल, त्याला हे लोक मत देतात. मतदार पुन्हा मोजकेच असल्यामुळं जुन्या "सहली"चा धोकाही याच टप्प्यावर जास्त आहे, हे सांगायला नको.

निवडून आलेले अध्यक्ष आणि सचिव विद्यापीठाच्या अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, जातात. सिनेट वर्षातून किमान दोनदा भरते. तिच्यापुढं विद्यापीठाचं अंदाजपत्रक आणि वार्षिक अहवाल येतो, सदस्यांना प्रश्न विचारता येतात, ठराव मांडता येतात. शहरात "सिनेट निवडणूक" म्हणून जे फलक अधूनमधून दिसतात त्यांच्याशी मात्र याची गल्लत करू नका. ती बहुधा पदवीधरांची असते: नोंदणी केलेले पदवीधर पसंतीक्रमानं मत देऊन दहा सदस्य निवडतात. तिथं उभं राहायला आणि मत द्यायला आधी पदवी हवी, मग नोंदणी.

निकालानंतर

गुलाल उधळून झाला की हिशेब. निकालाच्या दिवसापासून दोन आठवड्यांत प्रत्येक उमेदवारानं तपासलेला हिशेब द्यायचा, आणि कॉलेजनं तो दोन दिवसांत प्रसिद्ध करायचा. हिशेब दिला नाही किंवा खर्च मर्यादेबाहेर गेला तर निवड रद्द होऊ शकते. म्हणून ड्रॉइंग शीटची, मार्करची, चहाची सुद्धा पावती पहिल्या दिवसापासून एका पाकिटात ठेवा. हे काम उमेदवारानं स्वतः करू नये. एखादा नेटका, फार न बोलणारा मित्र यासाठी शोधावा. वाणिज्य शाखेचा असेल तर उत्तमच.

निवडणुकीत गैरप्रकार झाला असं वाटत असेल तर निकालापासून तीन आठवड्यांच्या आत तक्रार निवारण कक्षाकडं जायचं. त्यात विद्यार्थी कल्याणाचे अधिष्ठाता प्रमुख, एक ज्येष्ठ प्राध्यापक, एक ज्येष्ठ प्रशासकीय अधिकारी आणि शेवटच्या वर्षाचे एक मुलगा, एक मुलगी असावेत असं समितीनं सुचवलंय. कॉलेजातल्या आपल्या रोजच्या तक्रारींसाठी हा कक्ष नाही. त्यांच्यासाठी यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणं वेगळी विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते आणि तिच्या वर विद्यापीठाचा लोकपाल. निवडून आलात तर मुलं पहिल्या आठवड्यातच तुमच्याकडं येतील, तेव्हा कोणाला कुठं पाठवायचं हे माहीत असू द्या.

यंदा परिषदेची निवडणूक लागलीच नाही, तरी एक निवडणूक तुमच्या कॉलेजात व्हायला हवी. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीत, विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरण असेल तेव्हा, तीन विद्यार्थी सदस्य लागतात: पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या पातळ्यांवरचे. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांत ते पारदर्शक, लोकशाही पद्धतीनं निवडलेले असावेत असं लिहिलंय. बऱ्याच ठिकाणी ही नावं कार्यालयातच ठरून जातात, कारण कोणी विचारत नाही. प्राचार्यांच्या नावे एक साधा अर्ज करा: आपल्या कॉलेजच्या अंतर्गत समितीवर विद्यार्थी सदस्य कोण आहेत, त्यांची निवड कोणत्या तारखेला, कशी झाली, आणि पुढची कधी आहे. अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला विसरू नका.